अक्षर, आशय आणि व्यवहार
उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी



दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत एक संवाद हमखास घडतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत उत्तम श्रेणी मिळवलेला मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘मला ग्राफिक डिझाइन शिकायचे आहे.’ त्यावर वडील म्हणतात, ‘चित्रकला छंद म्हणून ठीक आहे; पण पोटापाण्याचे काय?’ या प्रश्नाला कलाद्वेष म्हणण्याचे कारण नाही. तो काळजीतून आलेला प्रश्न आहे. म्हणूनच त्याला भावनेच्या भरात नव्हे, तर वस्तुस्थितीच्या आधारे उत्तर दिले पाहिजे.

वस्तुस्थिती अशी की, पोटापाण्याचा हा प्रश्न आपल्या कलाशिक्षणाने फार पूर्वीच विचारात घेतला होता. मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. जाहिरात, वेष्टन, पुस्तकाचे मुखपृष्ठ, भित्तिपत्रक यांसाठी लागणारी कला हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे त्यातून मान्य झाले. १९५८ मध्ये त्याच विभागातून उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र स्थापन झाले. २०२३ मध्ये ‘जेजे’ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मार्ग आहेत आणि प्रतिष्ठेचे आहेत. मात्र प्रवेश मिळाला म्हणजे कारकीर्द घडली, असे होत नाही. पदवीच्या चार वर्षांत विद्यार्थी स्वतःला कसा घडवतो, यावर पुढची चाळीस वर्षे अवलंबून असतात.

हाताला वळण, डोळ्याला शिस्त

या घडणीचा प्रारंभ अक्षरापासून होतो. चित्र पाहणाऱ्याला थांबवते. अक्षर त्याला सांगते. ग्राफिक डिझाइनचा प्राण या दोहोंच्या मेळात आहे. पण आजचा विद्यार्थी अनेकदा रोमन अक्षरांच्या शेकडो तऱ्हा नावानिशी ओळखतो आणि ज्या लिपीत त्याची आई किराण्याची यादी लिहिते, त्या देवनागरीच्या रचनेबद्दल त्याला दोन वाक्ये बोलता येत नाहीत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ यांतील फरक त्याच्या लक्षात येत नाही. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, अशी ही लिपी उभ्या दिशेने तीन मजल्यांत राहते. रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर देवनागरीला जसेच्या तसे लावले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. शहरातील कोणत्याही चौकात उभे राहून फलक पाहिले, तर हा अपघात रोज घडताना दिसतो.

याच्या उलट उदाहरण प्रा. र. कृ. जोशी यांचे. हा माणूस जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होता, मराठी कवी होता, पुढे आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात प्राध्यापक झाला. हातात बोरू आणि कुंचला धरून ज्याची उमेद गेली, त्याने संगणकाशी नाते जोडले आणि सहकाऱ्यांच्या साथीने भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरांवर काम केले. विंडोजबरोबर लाखो संगणकांवर पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या नावावर आहे. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. पण त्या काळात संगणकावर मराठी लिहिणाऱ्या असंख्य लोकांनी त्यांचे नावही न ऐकता त्यांचीच अक्षरे वापरली. साधन बदलले, साधना बदलली नाही, हे या जीवनाचे सार आहे.

त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, जेजेतून बाहेर पडलेल्या अच्युत पालव यांनी ऐंशीच्या दशकात मोडी लिपीचा अभ्यास केला. ज्या लिपीतून एकही नवे पत्र लिहिले जात नव्हते, तिचा अभ्यास करून कोणते पोट भरणार, असे त्या वेळी कुणालाही वाटले असते. पण मोडीच्या प्रवाही वळणातून त्यांना स्वतःची अक्षरशैली सापडली. पुढे सुलेखन हेच त्यांचे जीवनकार्य झाले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कमल शेडगे यांनी तर मराठी नाटकांच्या शीर्षकांना चेहरा दिला. वर्तमानपत्राच्या जाहिरातीतील दोन इंच जागेत, काळ्या-पांढऱ्या रंगात, नाटक गंभीर की विनोदी हे केवळ अक्षराच्या वळणावरून कळावे, ही किमया त्यांनी अनेक वर्षे केली. २०२० मध्ये ते गेले. पण ती शीर्षके रसिकांच्या डोळ्यांसमोरून गेलेली नाहीत.

या तिघांच्या चरित्रांतून विद्यार्थ्याने घ्यायचा धडा साधा आहे. दररोज एक तास हाताने अक्षर काढावे. जुने ताम्रपट, पोथ्या, दगडी शिलालेख, दुकानांच्या रंगवलेल्या पाट्या पाहाव्यात आणि त्यांची टिपणे ठेवावीत. हा तास कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही, परंतु कामात दिसल्यावाचून राहत नाही.

यंत्र नोकर आहे, मालक नव्हे

आज विद्यार्थ्यांच्या मनात एक नवे भय आहे. चार शब्द लिहिले की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात चित्र तयार करते. मग चित्रकाराचे काय? या भयात तथ्य आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. शुभेच्छापत्रे, वाढदिवसाचे फलक, समाजमाध्यमांवरील रोजची चित्रे अशी सरधोपट कामे ज्यावर नवशिक्यांचे पहिले उत्पन्न उभे राहत असे, ती झपाट्याने यंत्राकडे जात आहेत. ज्याचे भांडवल केवळ ‘सॉफ्टवेअर येते’ एवढेच आहे, त्याच्या पायाखालची वाळू सरकली आहे.

परंतु यंत्र शंभर चित्रे देते, तेव्हा त्यांतील योग्य कोणते हे कुणीतरी ठरवावे लागते. का योग्य, हे ग्राहकाला समजावून सांगावे लागते. जोडाक्षर चुकले आहे, ऱ्हस्व-दीर्घ बिघडले आहे, देवतेच्या हातातील आयुध बदलले आहे, नऊवारीचा काष्टा चुकीचा दाखवला आहे, हे ओळखणारा डोळा लागतो. हा डोळा वाचनाने, प्रवासाने, आपल्या समाजाच्या बारीक निरीक्षणाने तयार होतो. म्हणून ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याने इतिहास, साहित्य आणि लोकजीवन यांचे वाचन करणे ही चैन नव्हे, ती व्यवसायाची गरज आहे.

यंत्राचे तंत्रही वरवर शिकून चालत नाही. मराठी मुद्रणव्यवसायात जुन्या पद्धतीचे फाँट दीर्घकाळ वापरले गेले. त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये जसाच्या तसा नेला की त्याची निरर्थक चिन्हे होतात. हे रूपांतर बिनचूक करता येणारा विद्यार्थी कोणत्याही प्रकाशनगृहाला हवाच असतो. तसेच प्रत्येकाने उमेदवारीच्या काळात निदान आठ दिवस ऑफसेट छापखान्यात उभे राहावे. चार रंगांच्या चार प्लेट केसभर सरकल्या, तरी चार रंग मिसळून केलेल्या काळ्या रंगातील बारीक मराठी मजकूर धूसर होतो, मात्रा आणि अनुस्वार भरून जातात. बारीक मजकूर फक्त काळ्याच प्लेटवर का ठेवायचा, हे वर्गात सांगून जेवढे कळते, त्याहून कितीतरी अधिक बिघडलेला कागद हातात घेतल्यावर कळते.

सुंदर नव्हे, सार्थ

कलाकार आणि उपयोजित कलाकार यांत भेद आहे. पहिला स्वतःच्या अंतरीचे मांडतो. दुसरा दुसऱ्याचा प्रश्न सोडवतो. समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने पिशवीचे डिझाइन मागितले. कच्चा विद्यार्थी लगेच पिवळे चित्र रंगवू लागतो. तयार विद्यार्थी आधी विचारतो : गिऱ्हाईक कोण, पिशवी कोणत्या दुकानात टांगली जाणार, शेजारी कोणाचा माल असणार? मग तो कायद्याने वेष्टनावर काय छापावे लागते ते पाहतो. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, या सर्वांना जागा हवी. प्लास्टिकच्या पिशवीच्या मोठ्या छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर घडवावा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, तो सहा रंगांचे काम तीन रंगांत बसवतो आणि एक पारदर्शक खिडकी ठेवून हळदीचाच पिवळा रंग चौथा रंग म्हणून वापरतो. व्यापाऱ्याचा खर्च वाचतो, माल डोळ्यांना दिसतो आणि डिझाइनही नेटके होते. अशा ठिकाणी कला आणि व्यवहार एकमेकांचे वैरी राहत नाहीत.

नोकरीसाठी दाखवायच्या कामांचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, याच दृष्टीने रचावा. पन्नास चित्रांचा ढीग घालण्यापेक्षा दहा-बारा कामे निवडावीत. प्रत्येक कामाबरोबर प्रश्न काय होता, कोणते पर्याय सुचले, कोणते का टाकले, हे कच्च्या रेखाटनांसह दाखवावे. काल्पनिक शीतपेयाची जाहिरात करण्यापेक्षा गावच्या वाचनालयाची सूची, रुग्णालयातील दिशादर्शक फलक, बसस्थानकाचे वेळापत्रक किंवा शाळेची स्मरणिका हाती घ्यावी. त्यात खरा वाचक असतो आणि म्हणून खरी परीक्षाही असते.

भारतीय रुपयाचे चिन्ह हा या विचाराचा आदर्श नमुना आहे. मूळचे तामिळ भाषक असलेले आणि मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेले डी. उदयकुमार यांनी खुल्या स्पर्धेत ते सादर केले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारले. देवनागरीचा ‘र’, रोमन ‘आर’चा भास आणि वर शिरोरेखा. एवढ्या थोड्या रेषांत ते चिन्ह भारतीयही राहिले आणि जगाला वाचताही आले. ते कुणालाही हाताने काढता येते, हे त्याचे मोठे यश.

हिशोबाची वही

कलावंताने पैशाबद्दल बोलू नये, हा एक खोटा संस्कार आपल्याकडे रुजला आहे. त्याचा लाभ नेहमी समोरच्यालाच होतो. ‘आधी काम करून दाखवा, आवडले तर पाहू’, ‘पैसे नाहीत, पण नाव होईल’ ही वाक्ये प्रत्येक नवोदिताच्या कानी पडतात. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा शाळेसाठी स्वेच्छेने केलेली सेवा वेगळी आणि नफा मिळवणाऱ्या संस्थेने फुकट करून घेतलेले काम वेगळे. पहिल्यात आनंद आहे, दुसऱ्यात केवळ शोषण आहे.

म्हणून काही गोष्टी महाविद्यालयातच शिकल्या पाहिजेत. काम सुरू होण्यापूर्वी मोबदला, मुदत, दुरुस्त्यांची संख्या आणि आगाऊ रक्कम लेखी ठरवावी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. हक्क दुसऱ्याला देण्यासाठी लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या व्यावसायिकाला २००६ च्या कायद्याचे संरक्षण मिळते. काम स्वीकारल्यानंतर ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास व्याज देणे लागते. एवढे ठाऊक असलेल्या तरुणाशी समोरचा माणूस जपून बोलतो.

हक्काची ही जाणीव दुहेरी असावी. आपले काम चोरले गेले की संताप येतो. मग दुसऱ्याचा फाँट, दुसऱ्याचे छायाचित्र किंवा पैसे न भरता मिळवलेले सॉफ्टवेअर वापरताना हात का थरथरत नाही? मुंबईतील ‘एक टाइप’सारख्या गटाने ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ असे देखणे देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध करून दिले आहेत. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याची वाट अडलेली नाही.

घराने काय करावे

शेवटचा शब्द पालकांसाठी. मुलाला महागडा संगणक घेऊन दिला म्हणजे कर्तव्य संपत नाही. त्याच्याबरोबर एखादे प्रदर्शन पाहावे, जुने दिवाळी अंक आणि त्यांची मुखपृष्ठे त्याच्या हाती द्यावीत, ‘हे असे का केलेस?’ असा प्रश्न त्याला आस्थेने विचारावा. पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न बेताचे असेल, हे गृहीत धरावे आणि शेजारच्या अभियंत्याच्या पगाराशी त्याची तुलना करू नये. समाजानेही मंडळाच्या फलकापासून लग्नपत्रिकेपर्यंत नीटस, निर्दोष मराठी अक्षराचा आग्रह धरला, तर या विद्यार्थ्यांना काम मिळेल आणि आपले रस्ते वाचनीय होतील.

पोटापाण्याचे काय, हा वडिलांचा प्रश्न योग्यच होता. त्याचे उत्तर असे आहे : अक्षराला वळण, आशयाचे भान आणि व्यवहाराची शुद्धता या तिन्ही गोष्टी ज्याने विद्यार्थिदशेत कमावल्या, त्याच्यावर उपाशी राहण्याची वेळ सहसा येत नाही, आणि त्याच्या हातून जे घडते, ते त्याच्या एकट्याचे राहत नाही. ते हजारोंच्या डोळ्यांसमोर, रोजच्या जगण्यात, नाव न सांगता उभे राहते.