दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत



पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यांत दक्षिणा वाटली जात असे व तिच्यासाठीं दूरदूरचे ब्राह्मण येथें जमत. राज्य गेल्यावर, १८२१ सालीं, याच दक्षिणेच्या आधारें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली; आणि पुढें त्याच निधींतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे त्यांपैकींच होत. जें एके काळीं दान होतें, तें असें विद्येचें पारितोषिक झालें.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे याचना, हा समज अद्याप पुष्कळ घरांत आहे. तो चुकीचा आहे. रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ सालीं सीनिअर रँग्लर झाले, आणि परत येऊन फर्ग्युसन महाविद्यालयांत अध्यापन करूं लागले. घेतलेलें ऋण असें फेडतां येतें.

दुसरा समज असा कीं, गुण मिळाले म्हणजे शिष्यवृत्ति आपोआप चालत येते. आज तसें घडत नाहीं. ती शोधावी लागते. राज्य शासनाच्या योजना ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर व केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ति संकेतस्थळावर असतात. तथापि पहिली विचारणा महाविद्यालयाच्या कचेरींत करावी. कारण भरलेला अर्ज पडताळून पुढें पाठविणें तिच्याच हातीं असतें. उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला निकालापूर्वींच काढून ठेवावा. गुणपत्रक, आधारपत्र व बँकेचें खातें या तिन्हींत नांव अक्षरशः एकच असावें. एका अक्षराच्या फरकानेंही अर्ज अडकूं शकतो. दरवर्षीं नूतनीकरण करण्यास विसरूं नये. आणि शिष्यवृत्ति मिळवून देतों म्हणून जो आधीं पैसे मागेल, त्याच्यापासून दूर राहावें.

अखेर एक विनंति. आपल्या मुलांना ही माहिती देणारें कोणीतरी घरांत असतेंच. परंतु आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईंची मुलगी बारावींत उत्तम गुण मिळवून बसली असेल, आणि फीच्या भीतीनें तिचें शिक्षण तेथेंच थांबत असेल, तर तिला हें कोण सांगणार? तिची बुद्धि कमी पडलेली नसते. तिच्याजवळ बसून अर्ज भरून देणारा एक माणूस कमी पडलेला असतो. या महिन्यांत एक संध्याकाळ आपण त्यासाठीं द्यावी. विद्येच्या या नगरींत एवढी दक्षिणा कोणासही जड जाऊं नये.