पडदा आणि पैस खांब
(नेवासा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वर्गात सिनेमा दाखवावा की नाही, हा वाद आता संपला आहे. प्रोजेक्टर नसेल तिथे गुरुजींच्या खिशात मोबाइल असतो. प्रश्न उरतो तो कसा दाखवायचा याचा.

‘प्रभात’चा 1940 सालचा ‘संत ज्ञानेश्वर’ मी नववीच्या मुलांना सलग तासिका घेऊन दाखवला होता. मुलं रमली, मला वाटलं, धडा झाला. पुढच्या आठवड्यात ज्ञानेश्वरांचं चित्र काढायला सांगितलं, तर वहीवहीत पडद्यावरचाच चेहरा. तो चेहरा शाहू मोडकांचा होता. आपल्याच नगरमध्ये 1918 साली ख्रिस्ती घरात जन्मलेल्या गुणी नटाचा. ज्ञानेश्वरांच्या हयातीतलं एकही चित्र आपल्याजवळ नाही, हे मी मुलांना सांगितलंच नव्हतं. नटाचा अभिनय मुलांनी पुरावा मानला. ती चूक मुलांची नव्हे, माझी.

तेव्हापासून पद्धत बदलली. आधी मी एकट्याने सिनेमा पूर्ण बघतो आणि त्यातला दहा मिनिटांचा एकच प्रसंग निवडतो. ज्ञानेश्वर भिंत चालवतात तो प्रसंग घ्या. एकदा तसाच दाखवायचा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग विचारायचं: इथे संगीत का वाढलं? छायाचित्रकाराने हे कसं साधलं असेल? लोकांनी ही कथा इतकी शतकं का जपली? श्रद्धेची टिंगल करायची नाही आणि कथेला इतिहासही म्हणायचं नाही.

सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्रही बघावं. 2024 च्या नियमांनी यूए गटात 7, 13 आणि 16 वर्षं अशा पायऱ्या केल्या आहेत. पण प्रमाणपत्राला वर्गातली मुलं ठाऊक नसतात. ‘फँड्री’ सिनेमा दाखवाल, तेव्हा त्यातल्या जब्याचं दुःख घरी सोसणारं लेकरू त्याच बाकावर असू शकतं. त्याला सर्वांसमोर बोलतं करू नका. कायदा वर्गापुरतं प्रदर्शन करू देतो, पण म्हणून चोरीची प्रत आणू नये. मुलं तेही शिकतात.

आणि पडदा बंद झाला की बाहेर पडा. ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं परंपरा मानते, त्या इथल्या पैस खांबापाशी आम्ही गेलो. मुलांनी त्यावरचा कोरीव लेख डोळे बारीक करून पाहिला. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके 1212, म्हणजे 1290 साल, आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचं नाव येतं, ते वाचलं. परंपरेने ज्ञानेश्वरांचा जन्म 1275 चा धरतात. एका मुलीने बोटांवर हिशेब केला आणि हळूच विचारलं, “सर, म्हणजे ते आमच्याएवढेच होते?”

पडद्यावरचे मोडक विशीपलीकडचे होते. हा प्रश्न सिनेमाने तिला दिला नसता. पण सिनेमा नसता, तर त्या दिवशी आम्ही खांबापर्यंत गेलोही नसतो.