संगणक-कारागिरांची रविवारची शाळा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय मागविला आणि आम्ही तो कळविला, तेव्हा दुसऱ्याच कोणा वक्त्याचा कागद चुकून आपल्याकडे आला की काय, असे त्यांना वाटले. त्यांनी तसे दूरध्वनीवर विचारलेही. त्यांचे आश्चर्य रास्त होते. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार-न्यायालयाच्या बाकावर आणि नगर-वाचनालयात. गेली तीस वर्षे आम्ही पिंपरी-चिंचवडच्या यंत्रकामगारांत काढली. अशा माणसाने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांच्या सभांविषयी काय बोलावे? परंतु कामगार जेथे आपल्या कामाविषयी चार माणसांत बसून मोकळेपणाने बोलतो, ती जागा आमच्या विषयातलीच आहे असे आम्ही मानतो. मग त्याच्या हातात पाना असो की लॅपटॉप.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगतो, कारण सभागृहात पुष्कळांना तो ठाऊक नसेल. सॉफ्टवेअर लिहिणारा हा कारागीर आहे. त्याची हत्यारे म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषा व त्यांच्या भोवतीची सामग्री. टर्नर एकदा लेथ शिकला की त्या विद्येवर त्याची वीस वर्षे निघत. या कारागिराची हत्यारे चार-पाच वर्षांत बदलतात, आणि बदललेल्या हत्याराचे पुस्तक महाविद्यालयात पोचेपर्यंत हत्यार पुन्हा बदललेले असते. तेव्हा एकच हत्यार वापरणारे गावातले लोक महिन्यातून एकदा जमतात. कोणी नवे शिकलेले सांगतो, कोणी अडलेले विचारतो. फी नसते. याला ते 'युजर ग्रुप' म्हणतात, अलीकडे 'मीटअप' म्हणतात. आपण वापरणाऱ्यांचे मंडळ म्हणू.

ही रीत जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील विमान-कारखाने आयबीएम ७०४ नावाचे अवाढव्य गणकयंत्र घेण्याच्या तयारीत होते. त्या काळी यंत्राबरोबर तयार प्रोग्रॅम फारसे येत नसत. यंत्र दारात उभे राहिले की प्रत्येक कारखान्याने तेच ते प्राथमिक काम आपल्या माणसांकडून नव्याने करून घ्यावयाचे. एकाच रस्त्यावरच्या दहा घरांनी दहा विहिरी खणाव्या, तसा हा कारभार होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांता मोनिका येथे रँड कॉर्पोरेशनच्या जागेत निरनिराळ्या कंपन्यांचे हे कारागीर एकत्र बसले आणि त्यांनी 'शेअर' या नावाचे मंडळ काढले. त्यांच्या मालकांची आपापसांत स्पर्धा होती. तरीही प्रोग्रॅम वाटून घेण्याचे ठरले आणि तसे ते वाटलेही गेले. आमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, ही माणसे कंपन्यांच्या वतीने आलेली होती. शिकणे हा कामाचा भाग समजला गेला होता. एवढे ध्यानात असू द्या. पुढे त्याची गरज लागणार आहे.

दुसरे उदाहरण १९७५ चे. कॅलिफोर्नियातच मेन्लो पार्क या गावी ५ मार्च रोजी एका गृहस्थाच्या गॅरेजमध्ये तीसएक हौशी मंडळी जमली. 'आल्टेअर' नावाचा, घरी जोडावयाचा संगणक नुकताच निघाला होता, त्याचे कुतूहल. यातून 'होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब' उभा राहिला. (न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. बरोबर शंभर वर्षांचे अंतर. या योगायोगाला अर्थ काही नाही, पण आम्हांस तो आवडतो.) त्या क्लबाची सभा चालविण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी माणसे एकेक करून उभी राहत आणि आपल्याजवळ काय आहे, आपल्याला काय हवे आहे, ते सर्वांसमोर सांगत. मग सभा मोडून ज्याला जो हवा त्याला त्याने गाठावयाचे. बाजार आणि पाठशाळा एका जागी! स्टीव्ह वॉझ्निअॅक हा तरुण पहिल्या सभेला हजर होता. पुढे 'अॅपल' या नावाने जो संगणक निघाला त्याचे नकाशे त्याने या मंडळींना फुकट वाटले होते. याच क्लबात बिल गेट्स यांच्या कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या नकला हातोहात वाटल्या गेल्या, आणि १९७६ च्या फेब्रुवारीत गेट्स यांनी हौशी लोकांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. आम्ही राबून लिहावे आणि तुम्ही फुकट घ्यावे, तर पुढे चांगले काम करावयास कोणाला परवडेल, असा त्याचा आशय होता. म्हणजे फुकट या शब्दावरचे भांडण या मंडळांच्या पाळण्यातलेच आहे.

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचे मंडळ 'प्लग' या नावाने पुष्कळांस ठाऊक आहे. मॉडेल कॉलनीतील सिम्बायोसिसच्या संगणक-संस्थेत या मंडळींच्या बैठकी होत, मेळावे भरत. इंटरनेट मंद आणि महाग होते त्या दिवसांत लोक आपला संगणक उचलून अशा ठिकाणी आणीत आणि जाणकार मंडळी त्यावर लिनक्स चढवून देत. तबकड्यांच्या प्रती काढून वाटीत. २०११ साली पायथॉन या भाषेची अखिल भारतीय परिषद पुण्यात भरली. आज अशी मंडळे अनेक आहेत, नव्या भाषेसरशी नवे निघते आणि दोन वर्षांत काही मिटतातही.

दूरच्या एका मंडळाचे नाव मुद्दाम घेतो. बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स-मंडळाने २००८ पासून उन्हाळी शिक्षणवर्ग चालविले, विनामूल्य, आणि तेही केवळ टंकलिखित गप्पांच्या मार्गाने. चित्र नाही, आवाज नाही. त्यामुळे ज्याच्या गावी तार बारीक आहे त्यालाही वर्गात बसता येई. प्रश्न विचारावयाचा असेल तर नुसते उद्गारचिन्ह टाकावयाचे आणि शिक्षकाने नाव घेईपर्यंत थांबावयाचे. हात वर करण्याची ही तऱ्हा आम्हांस फार शहाणपणाची वाटली. आमच्या संघटनेच्या सर्वसाधारण सभेत ती लागू करता आली तर आम्ही दोन वर्षे अधिक जगू.

एका सभेला आम्ही स्वतः गेलो. आमच्या एका फिटर सभासदाची मुलगी हिंजवडीत नोकरीस आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही नेहमी विचारता आमचे लोक एकत्र येतात कुठे? शनिवारी चला माझ्याबरोबर." गेलो. जागा एका कंपनीची होती. फाटकावर ओळखपत्र पाहिले, छातीवर चिठ्ठी चिकटवली. नावे शंभरावर नोंदलेली. आलेले पन्नास भरले नसतील. फुकट म्हटले की नाव घालावयास काय लागते, असे संयोजक हसून म्हणाला. पहिल्या वक्त्याचे प्रात्यक्षिक ऐन वेळी बंद पडले, आणि आमच्या मते तीच त्या दुपारची सर्वांत चांगली पंधरा मिनिटे झाली. सगळा वर्ग त्याच्या पडद्याकडे पाहत "हे करून बघ, ते बघ" असे सुचवू लागला आणि मागच्या रांगेतल्या एका पोराने चूक दाखविली. खात्यात मशीन अडले की चार माणसे भोवती जमतात, तसेच हुबेहूब. शेवटी पाच-पाच मिनिटांची छोटी भाषणे होती. नवशिक्याने धीर करून उभे राहावे यासाठी. फिटरची मुलगी बोलली. पाय कापत होते, ते आम्हांस दिसत होते, पण बोलली.

मध्यंतरी जागा देणाऱ्या कंपनीच्या बाईंनी दहा मिनिटे आपल्या कंपनीची ओळख करून दिली, जागा रिकाम्या आहेत असे सांगितले आणि सर्वांना खाऊ घातले. त्यात वावगे काही नाही. दिवाणखाना ज्याचा त्याने आपली तसबीर टांगणारच. परंतु परतताना आम्ही त्या मुलीला विचारले, "हे शिकलीस ते सोमवारी कामावर लागेल का?" ती म्हणाली, "लागेल म्हणूनच तर आले. पुढचे काम यातच येणार आहे." "मग कंपनी का शिकवीत नाही?" ती म्हणाली, "शिकून घ्या म्हणतात. वेळ देत नाहीत."

बंधुभगिनींनो, आमचे आजचे सांगणे या एका उत्तराभोवती आहे.

कारखान्यांत संगणकाने चालणारी सीएनसी यंत्रे आली तेव्हा आम्ही मंडळींनी धास्ती घेतली होती. पण आमच्या भागातल्या कित्येक कारखान्यांत यंत्र विकणाऱ्याचा माणूस येऊन पाळीच्या वेळेत कामगाराला शिकवून गेला. त्या तासांचा पगार कापला गेला नाही. आणि जेथे कापण्याचा विचार झाला तेथे संघटना मध्ये पडली. शिकाऊ उमेदवारांसाठी या देशात १९६१ चा कायदा आहे. शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन द्यावे लागते. म्हणजे शिकण्याला तास लागतात आणि तासाला मोल असते, हे आपण कायद्यानेच मान्य केले आहे. मग सॉफ्टवेअरच्या कारागिराने नवे हत्यार शिकण्याचे तास कोठून आणावयाचे? शनिवार-रविवारातून. आईच्या औषधपाण्याच्या, मुलाच्या शाळेच्या, झोपेच्या वेळातून. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती सुटी विसाव्यासाठी होती, घरादारासाठी, लोककार्यासाठी होती. तिच्यात पुन्हा सोमवारच्या कामाचीच तयारी भरू लागली, तर सुटी कागदावर राहते.

असे आम्ही त्या मुलांपुढे बोललो तेव्हा एका तरुणाने आम्हांस चांगले अडविले. तो म्हणाला, "काका, तुम्ही याला मजुरी समजता. आम्हाला यात आनंद आहे. कोणी सांगितले नसते तरी आलो असतो." हे खरे आहे, आणि ते नाकारणारा कामगार-चळवळीचा माणूस आपलीच परंपरा विसरला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या रात्रशाळा आणि वाचनालये मुंबईच्या कामगारवस्तीत चालत. दिवसभर राबून रात्री पाटी घेऊन बसलेल्या त्या माणसांना कोणी हाकलून आणले नव्हते. परंतु रात्रशाळेत गिरणी कामगार अक्षर शिकला ते स्वतःसाठी. पत्र वाचावे, सावकाराचा कागद वाचावा म्हणून. मालकाच्या मागावर नवे सूत कसे चढवावे हे शिकविण्यासाठी फुल्यांनी शाळा काढली नव्हती! त्या तरुणाला आम्ही एवढेच विचारले, "यंदा तू आला नाहीस तर चालेल ना?" तो जरा थांबला. म्हणाला, "तसे चालणार नाही." हौस आणि सक्ती यांच्या मधली रेघ त्या थांबण्यात होती.

आणखी एक गोष्ट मोफत शिक्षणाच्या जाहिरातींविषयी, कारण या सभागृहात पदवी घेतलेली आणि घरी बसलेली मुले आहेत, त्यांचे आईबाप आहेत. सर्वच मोफत वर्ग एका मापाचे नसतात. एखादी मोठी कंपनी आपले हत्यार फुकट शिकविते, कारण तुम्ही ते शिकलात की तुमचा पुढचा मालक ते विकत घेतो. हा सरळ व्यापार आहे, डोळे उघडे ठेवून लाभ घ्यावा. कोणी वर्ग मोफत देतो आणि परीक्षेच्या दाखल्याला पैसे मागतो. तेही आधी विचारून घ्यावे. परंतु 'मोफत प्रशिक्षण, नंतर हमखास नोकरी' म्हणून जो अनामत रक्कम मागतो, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतो किंवा दोन वर्षांच्या करारावर सही मागतो, त्याच्याकडे मुलाला एकट्याने पाठवू नका. अशी प्रकरणे घेऊन मुले आमच्या कचेरीत येतात, आणि येतात तेव्हा कागदावर सही झालेली असते. वापरणाऱ्यांच्या मंडळात यातले काही नसते. तेथे कोणी सही मागत नाही. म्हणूनच ती मंडळे टिकावीत असे आम्हांस वाटते.

ती टिकावयाची तर जागा आपली हवी. आज पुष्कळ सभा कंपन्यांच्या दिवाणखान्यात भरतात, आणि यजमानाच्या घरी बसून यजमानाच्या कामाच्या तासांविषयी कोण बोलणार? त्या दुपारी भाषेवर, यंत्रावर, पगाराच्या आकड्यांवरही कुजबूज झाली. रात्री अकराला येणाऱ्या फोनविषयी चकार शब्द निघाला नाही; जिन्यात मात्र सगळे त्याविषयीच बोलत होते. कर्नाटकात २०१७ साली या क्षेत्रातल्या कामगारांची संघटना रीतसर नोंदली गेली, म्हणजे ही मुले संघटित होत नाहीत असे नव्हे. पण संघटनेच्या आधी ओळख व्हावी लागते, आणि ओळख होण्याची जागा आज हीच आहे.

स्त्रियांविषयी एक शब्द. २०१४ साली बर्लिन येथे दोन पोलिश तरुणींनी 'जँगो गर्ल्स' नावाचा विनामूल्य वर्ग घेतला, प्रोग्रॅम लिहिण्याशी पूर्वी संबंध न आलेल्या बायकांसाठी. पुढे तो अनेक देशांत पसरला. आपल्याकडे सभा संध्याकाळी आठापर्यंत लांबते आणि गावी परतण्याची शेवटची बस साडेसातची असते. एवढी साधी गोष्ट संयोजकांच्या ध्यानात येत नाही, कारण ते दुचाकीवर येतात.

भाषेचेही तसेच. आम्ही पाहिली ती सभा इंग्रजीत झाली, चहाची सुटी मराठीत. जो प्रश्न चहाच्या वेळी तीन जणांनी विचारला तो सभेत एकानेही विचारला नव्हता. हत्यारांची नावे इंग्रजीच राहू द्या, आमच्या फिटरनेही 'स्पॅनर' शब्द पचविला. पण ते कसे चालवावयाचे हे मराठीत सांगता येते. त्या फिटरच्या मुलीने आपली पाच मिनिटे मराठीतच घेतली आणि कोणाचे काही अडले नाही.

या गावात अभियांत्रिकीचे व संगणकाचे शिक्षण घेतलेली मुले आठवड्याअखेर पुण्याहून घरी येतात. वाचनालयाच्या कार्यवाहांशी आमचे बोलणे झाले आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते साडेबारा वरचा हॉल मिळेल, भाडे नाही. वीज आणि झाडणावळ यांचा खर्च जमलेल्यांनी वाटून घ्यावयाचा आहे. पडदा आहे, प्रक्षेपक नाही. तो आमची संघटना पहिल्या तीन सभांना देईल, त्यावर कोणाचेही नाव चिकटविलेले असणार नाही. पहिल्या सभेत काय शिकवावयाचे ते मुलांनी ठरवावे; आम्ही मागच्या बाकावर बसू. नावे देण्याची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे, आणि पेनही बांधलेले आहे.