गुन्ह्यांचा आकडा आणि गावाची सुरक्षितता



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी हा विषय सुचवला तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, "अहो, हा विषय फौजदारसाहेबांचा, नाही तर वकिलांचा. आम्ही कामगार संघटनेची माणसे. पगार, बोनस आणि ओव्हरटाइम यांच्यापलीकडे आम्हांला काय कळणार?" त्यावर ते म्हणाले, "रात्री बारा वाजता या तालुक्याच्या रस्त्यावर असते कोण? तुमचीच माणसे ना?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत. आमचे शाळेतले शिक्षण अर्धवट राहिले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. तेव्हा कोठे चुकले तर सांभाळून घ्यावे.

शिरूर सुरक्षित राहिले आहे काय? या प्रश्नावर गावात दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, रांजणगाव-सणसवाडीला कारखाने आले, बाहेरची माणसे आली, आणि गावाची रया गेली. दुसरा पक्ष वर्तमानपत्रातला आकडा दाखवतो आणि म्हणतो, पाहा, यंदा गुन्हे कमी झाले. दोघेही तावातावाने बोलतात. यांपैकी कोणीच आपण होऊन गावासाठी काही करत नाही, ही गोष्ट वेगळी. ही सवय आपली जुनी आहे म्हणा. याच घोडनदीत कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अंमलदाराची कबर आहे. तो १८०९ साली वारला, आणि भोवतालच्या खेड्यांतले लोक त्याला सतपुरुष मानून सुगीचे पहिले धान्य त्याच्या कबरीवर वाहू लागले. रक्षण करणारा कोणीतरी वर बसला आहे, आपण नैवेद्य दाखवला की काम संपले!

पण आकड्याची गोष्ट आधी सांगतो, कारण त्या आकड्यात आमचाही हात बरबटलेला आहे.

काही वर्षांपूर्वीची हकीकत. कंत्राटावर काम करणारा एक पोरगा, बीडकडचा, दुसरी पाळी संपवून खोलीवर चालला होता. हमरस्ता सोडून कामगारांच्या खोल्यांकडे जो कच्चा रस्ता जातो, तेथे दिवा नव्हता. मोटारसायकलवरून दोघे आले, त्यांनी त्याच्या कानशिलात मारली आणि मोबाइल व खिशातली उचल काढून घेतली. सकाळी तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला घेऊन ठाण्यावर गेलो. कोणत्या, ते विचारू नका. तेथल्या अंमलदाराने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "मोबाइल गहाळ झाला असा अर्ज द्या. शिक्का मारून देतो, नवीन सिमकार्ड लगेच मिळेल. चोरी म्हटले की पंचनामा आला, जबाब आले, पुढे कोर्टाच्या तारखा आल्या."

पोरगा आमच्या तोंडाकडे पाहू लागला. म्हणाला, "काका, काय करू?"

मित्रहो, दुपारी दोनला त्याची पाळी होती. एक खाडा झाला तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करणार, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही म्हटले, "लिही बाबा, गहाळ म्हणून." त्याने लिहिले. शिक्का मिळाला, सिमकार्ड मिळाले, पाळीही चुकली नाही. आपण त्याचे काम केले अशा समाधानात आम्ही घरी आलो.

त्यानंतर त्याच रस्त्यावर आणखी चार-पाच जणांना लुबाडले. तेही गहाळच झाले. काहींनी तर अर्जही दिला नाही. मग एका रात्री आमच्याच संघटनेच्या सभासद असलेल्या एका बाईंना तेथे अंधारात ओढले. त्या निसटल्या, पण पुन्हा कामावर आल्या नाहीत. बिऱ्हाड उचलून गावी निघून गेल्या.

आता आम्ही शिष्टमंडळ घेऊन गेलो. रस्त्यावर दिवे लावा, रात्रीची गस्त ठेवा, एवढेच मागणे. जे अधिकारी भेटले ते सज्जन होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्या पट्ट्यात वर्षभरात जबरी चोरीचा एकही गुन्हा नोंदलेला नव्हता. "माणसे आधीच अपुरी आहेत," ते म्हणाले, "गस्त जेथे गुन्हे घडतात तेथे घालू, की जेथे घडत नाहीत तेथे?" त्यांचे काय चुकले? तो शून्य आम्ही आमच्या हाताने लिहवून घेतला होता.

त्या दिवसापासून आम्ही या आकड्यांच्या मागे लागलो. हा आकडा तयार कसा होतो ते पाहा. देशभरातील ठाण्यांत नोंदलेले गुन्हे एकत्र करून दिल्लीचे राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालय त्यांचे पुस्तक काढते. कार्यालय १९८६ साली स्थापन झाले, पण पुस्तक १९५३ सालापासून निघते. नोंदलेल्या गुन्ह्यांना लोकसंख्येने भागून दर लाख माणसांमागे किती, तो गुन्ह्यांचा दर. म्हणजे आकड्याचा पाया नोंद हा आहे. गुन्हा घडला पण नोंद झाली नाही, तर या हिशेबात तो घडलाच नाही. शिवाय एका फिर्यादीत तीन-चार गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत मोठा तेवढा मोजतात. घर फोडले, मारहाण केली आणि खून केला, तर मोजणीत राहतो एक खून.

आता गंमत ऐका. २०२० साली सारा देश टाळेबंदीत घरात बसला होता. चोऱ्या घटल्या होत्या. तरी त्या साली देशाचा गुन्ह्यांचा दर लाखामागे ३८५.५ वरून ४८७.८ वर गेला! कारण काय? सरकारी हुकूम मोडल्याबद्दलचे जे कलम १८८ होते, त्याखाली २०१९ साली २९,४६९ गुन्हे नोंदले होते. २०२० साली ते ६,१२,१७९ झाले. म्हणजे दूध आणायला, गावी जायला, पायी घराकडे निघालेली माणसेही या मोजणीत आली. फार लांब कशाला जायचे? गेटसभा घेतली, जमावबंदी मोडली, असे आमच्या स्वतःच्या नावावर दोन गुन्हे आहेत. आपल्यापुढे जो वक्ता उभा आहे तो तालुक्याच्या आकडेवारीत दोन वेळा मोजला गेला आहे. आणि त्या पोराला लुबाडणारे दोघे एकदाही नाहीत.

भाजक तरी धड आहे काय? २०११ च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची वस्ती सुमारे ३ लाख ८५ हजार होती. २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही. दरम्यान एकेका खोलीत सहा-सहा माणसे राहू लागली. ती ज्याच्या त्याच्या गावच्या शिधापत्रिकेवर आहेत, येथे कोठेच नाहीत. त्यांनी चोरी केली तर ती आपल्या तालुक्यात मोजायची आणि त्यांची डोकी मात्र मोजायची नाहीत, अशा भागाकारातून बाहेरच्या माणसांमुळे गुन्हे वाढले हे उत्तर निघाले नाही तरच नवल.

हद्दीचाही घोळ आहे. दौंडला फलाटावर खिसा कापला तर नोंद लोहमार्ग पोलिसांच्या वहीत. तोच हात स्टेशनच्या बाहेर आल्यावर चालला, तर नोंद ग्रामीण पोलिसांच्या वहीत. खिसेकापू एक आणि वह्या दोन. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचे वेगळे आयुक्तालय झाले. चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी पुणे ग्रामीणमधून तिकडे गेली, आणि २०२१ साली लोणीकंद व लोणी काळभोर पुणे शहराकडे गेली. त्या ठाण्यांचे गुन्हे ग्रामीणच्या बेरजेतून उतरले. एकही चोर सुधारला नाही, फक्त रेघ सरकली.

आपण म्हणाल, हे सारे कारकुनी दोष झाले. तसे नाही. कोणती गोष्ट गुन्हा म्हणून लिहायची आणि कोणती नाही, हे ठरवणारा कोण, हा खरा प्रश्न आहे. आपल्याच तालुक्याने तो एकदा साऱ्या हिंदुस्थानापुढे मांडला होता.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. त्याच साली १२ मे रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली. पण ठिणगी त्याआधीच, डिसेंबर १८७४ मध्ये, आपल्या शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी पडली होती. एका सावकाराने हुकूमनामा मिळवून एका देशमुखाचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे शेत कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, हजामत कोणी करेना. आम्ही संप करतो म्हणून आम्हांला नावे ठेवणाऱ्यांनी कर्ड्याला एकदा जाऊन यावे. पुढे शिरूर, भीमथडी आणि नगर भागात दंगे पसरले. त्यांत माणसांना इजा त्या मानाने थोडी झाली. लोकांना जाळायचे होते ते कर्जरोखे. सरकारने ९५१ माणसे धरली आणि ५०१ जणांना शिक्षा केल्या.

हे झाले नोंदलेले गुन्हे. आता न नोंदलेले पाहा. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढला होता, तो १८६५ नंतर कोसळला. सारा मात्र वाढला. मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, ती कुळाच्या भल्यासाठी. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा करून घेतला, आणि अंगठा घेताना आत काय लिहिले आहे ते कुळाला कळू दिले नाही. ही फसवणूक वर्षानुवर्षे चालू होती, पण कोणत्याही ठाण्याच्या वहीत ती नव्हती. वहीप्रमाणे पाहिले तर १८७४ सालचा शिरूर तालुका मोठा शांत आणि सुरक्षित असला पाहिजे! दंगा झाला, चौकशी कमिशन बसले, तेव्हा हे उजेडात आले आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

दुसऱ्या टोकाला काय होते तेही सांगायला हवे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे येथे बसलेल्या कोणाला माहीत नाही? जेथे रोज शोधतात तेथे जास्त सापडते, आणि जास्त सापडते म्हणून पुन्हा तेथेच शोधतात. परप्रांतीय मजुरांच्या चाळीही आता त्याच वाटेने चालल्या आहेत. यात खरा चोर सुटतो, हे तुमच्या-आमच्या तिजोरीच्या दृष्टीनेही वाईट.

आणि सुरक्षितता म्हणजे केवळ चोर-दरोडेखोरांपासून रक्षण, एवढीच समजूत धरून बसू नका. २०२२ साली महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. त्याच साली राज्याच्या रस्त्यांवरील अपघातांत १५,२२४ माणसे मेली. खुनाची बातमी आपण आठवडाभर चघळतो. पुणे-नगर रस्त्यावर पहाटे सायकलीवर मेलेल्या कामगाराची बातमी चार ओळींत संपते. प्रेसमध्ये बोटे गेली तर तो अपघात, कारखान्याच्या आतली बाब. घरातून निघालेला माणूस धड परत आला की नाही, एवढे एकच माप आमच्या घरची बाईमाणसे लावतात. आम्हांला ते दिल्लीच्या पुस्तकापेक्षा खरे वाटते.

मग करायचे काय? पोलिसांना शिव्या देऊन भागत नाही. नोंद वाढली की गुन्हे वाढले अशी आपणच ओरड करतो, आणि मग नोंद कमी ठेवण्याकडे कल झाला तर दोष कोणाचा? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यावर माहिती देता येते, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ठाण्यावर घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. अर्ज वेगळा आणि फिर्याद वेगळी, हे मुलाबाळांना शिकवा. पण ज्याचा खाडा पडला की पोट पडते, त्याला कायद्याचे कलम पुरत नाही. त्याच्याबरोबर कोणीतरी जावे लागते, आणि त्याची त्या दिवसाची हजेरी सांभाळावी लागते. हे दुसरे काम आमच्या संघटनेने अंगावर घेतले आहे. तीन ठेकेदारांशी बोलणे झाले. दोघांनी मानले आहे, तिसऱ्याशी अजून भांडण चालू आहे.

त्या रस्त्यावर आता चार दिवे लागले आहेत. नऊ मागितले होते. त्या बाईंना निरोप धाडला होता, पण त्या परत आल्या नाहीत.

आणखी एक. संघटनेच्या कचेरीत आम्ही एक वही ठेवली आहे. कोठे, किती वाजता, काय झाले, एवढेच तीत लिहायचे. नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. महिन्याच्या शेवटी ती आम्ही ठाण्यावर नेऊन दाखवतो, आणि तेथेही आता ती नीट पाहिली जाते. आज ती वही मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. जाताना दोन मिनिटे थांबा. पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे, कारण आधीच्या दोन गेल्या. गहाळ झाल्या असे आमचे चिटणीस म्हणत होते. आम्ही वहीत चोरी असे लिहिले आहे.