सिंदखेडचा राजवाडा

युरोपातील खेड्यापाड्यांत सरदारांच्या जुन्या गढ्या दिसतात, आणि प्रवासी त्या आवर्जून पाहतात. परंतु आपल्या वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या वाटेवर सिंदखेड राजा येथे जो वाडा उभा आहे, त्याचे महत्त्व त्यांहून तिळमात्र कमी नाही.

हा वाडा निजामशाहीतील मातबर सरदार लखुजीराव जाधवांचा. भव्य दरवाजा ओलांडून आत गेले म्हणजे दगडी चौथरे आणि तळघरे दृष्टीस पडतात. याच वाड्यात जिजाबाईंचा जन्म झाला. १२ जानेवारी १५९८ ही तिथी रूढ आहे. भोवतालच्या परिसरात रंगमहाल, पायऱ्यांच्या कुंडासमोरील नीळकंठेश्वराचे मंदिर, मोती तलाव आणि मध्यभागी मजली इमारत असलेला चांदणी तलाव आहे. काळा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तटाच्या भिंती तर सुमारे २० फूट रुंद आहेत.

एवढी भक्कम भिंत कशासाठी बांधावयाची? घराच्या रक्षणासाठीच. परंतु लखुजीरावांचा घात या भिंतींबाहेर, धन्याच्याच दरबारी झाला. देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणून हे घराणे अभिमान बाळगी. त्याच देवगिरीवर, दौलताबादच्या किल्ल्यात, १६२९ च्या जुलैत मूर्तजा निजामशहाने लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या करविली. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. पुढे सातच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

परक्याच्या चाकरीवर उभारलेले वैभव धन्याच्या मर्जीवर तगून राहते, हाच या वाड्याचा बोध होय. माहेर उद्ध्वस्त झाल्यावर या मातेच्या मनावर काय कोरले गेले असेल, याचा उलगडा पुढील इतिहास करतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर पुत्राचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ११ दिवसांनी, १७ जूनला, पाचाड येथे देह ठेवला.

पुढे जाधव घराण्यातील रामचंद्र जाधव मात्र निजामाच्या सेवेत होता. १७५७ मध्ये पेशव्यांच्या फौजांनी सिंदखेडास त्याला वेढले. त्याच्या सुटकेस निजामअली धावून आला, परंतु अखेर त्याला २५ लक्षांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला देऊन तह करावा लागला. ज्या गावात स्वराज्याची माता जन्मली, त्याच गावाला स्वराज्याच्याच सैन्याचा वेढा पडावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

आज गावात लखुजीरावांची भव्य समाधी आहे, आणि दर १२ जानेवारीस सहस्रावधी लोक राजवाड्यासमोर नतमस्तक होतात. त्यांनी तेथून परतताना त्या समाधीचेही दर्शन घ्यावे. वाडा जन्माची साक्ष देतो. परंतु त्या जन्माचे मोल कशामुळे वाढले, ते समाधीच सांगते.