मागच्या बाकावरचा आवाज



शिक्षणाच्या विषयावर युनियनच्या माणसाने का बोलावे, अशी शंका आपणांस येईल. माझे शिक्षण शाळेपेक्षा कामगारांच्या सभांतच अधिक झाले. दोनशे कामगारांना ‘कुणाला काही विचारायचे आहे काय?’ असे म्हटले, की नेहमीचेच चार जण उठतात. त्यांनाच पाचपाचांच्या घोळक्यात बसवून प्रत्येक घोळक्याकडून एक प्रश्न मागितला, की महिनोन्महिने गप्प असलेला माणूस बोलू लागतो. माणूस तोच, बैठक बदलली.

वर्गाचेही तसेच आहे. साठ मुले आणि पंचेचाळीस मिनिटांचा तास. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. त्यात आपल्या जानेफळच्या बाजूला घरी ‘मले’ म्हणणारे मूल शाळेतही ‘मले’ म्हणते, वर्ग हसतो, आणि ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. त्याला आपण मठ्ठ ठरवून मोकळे होतो!

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक ठरविला. तो हक्क आपण मागितलाच पाहिजे, आणि वरच्या वर्गांसाठीही भांडले पाहिजे. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही.

मेरी बड रो या अमेरिकन विदुषींनी 1970 च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मागे पडलेली मुलेही बोलू लागतात. तेव्हा मास्तरांनी थांबावे. मुलांना उत्तर आधी वहीत लिहू द्यावे, मग शेजाऱ्याला सांगू द्यावे, मग वर्गापुढे मांडू द्यावे. दोघादोघांत बोलणे सुरू झाले, की साठांपैकी तीस मुले एकाच वेळी बोलत असतात. गोंगाट होईल; पण यंत्र चालू असले म्हणजे आवाज यायचाच. आणि ‘मले’ला हसणाऱ्यांना मास्तरांनी पहिल्याच दिवशी थांबवावे.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुले गटागटाने जमिनीवर बसून, हाताने करून शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती नुसती अक्षरे गिरवण्यासाठी नव्हे. जो वर्गात ‘मला समजले नाही’ म्हणू शकत नाही, तो उद्या सावकारापुढे किंवा मालकापुढे ‘हा कागद वाचून दाखवा’ कसे म्हणेल? तो मुकाट्याने सही करील. म्हणून पालकांनो, संध्याकाळी मुलाला ‘आज किती मार्क पडले?’ यापेक्षा ‘आज काय विचारलेस?’ असे विचारा.