बोलता येतं, पण गाता येत नाही



एका तपासणी शिबिरात मी फॉर्म भरून घेत होते. "व्यायाम करता का?" या प्रश्नावर ओळीनं सगळ्या म्हणाल्या, "व्यायामाला वेळ कुठाय बाई?" मीही पुढं 'नाही, नाही' लिहीत गेले. त्यातल्या कितीतरी जणी पहाटे पाणी भरून, शेतात जाऊन आल्या होत्या. प्रश्नच अपुरा होता, आणि मी तो तसाच विचारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत कामातली हालचाल, जाण्यायेण्यातली आणि फावल्या वेळातली, अशी तिन्ही वेगवेगळी विचारतात. म्हणजे आपला हंडा, आपली पायवाट, सगळं त्यात धरायचं असतं.

पण सगळे कष्ट सारखे नसतात. चुलीपुढं तासभर बसून पाठ मोडते खरी, श्वास मात्र वाढत नाही. उकिडवं बसून सावकाश खुरपताना तो थोडाच वाढतो. तीच पाटी भरून बांधावर नेताना बघा! काम किती जोराचं, हे मोजायला यंत्र लागत नाही. काम करता करता शेजारणीशी बोलून बघा. गाणंही म्हणता आलं तर श्रम हलके. बोलता येतं पण गाता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांतच दम घ्यावा लागला, तर जोराचे. (आपल्या आज्या जात्यावर ओव्या कशा म्हणायच्या, असं कुणी विचारेल. दोघी मिळून दळायच्या, एकीनं म्हटलं की दुसरीनं, मधे श्वास घ्यायला जागा. माप ढोबळच आहे.)

आता किती वेळ? मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम हवेत, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचे. पूर्वी सलग १० मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत. २०२० मध्ये ती अट काढली. त्यामुळे विहिरीची पाच मिनिटांची फेरीसुद्धा मोजा. घरातल्या कॅलेंडरवर तारखेखाली दर पाच मिनिटांना एक रेघ मारा, जोराच्या कामाला दोन. आठवड्याला ३० रेघा भरल्या की १५० मिनिटं झाली. ज्यांच्या घरी नळ आला, गिरणी जवळ आली, त्यांच्या रेघा कमी भरतील. त्यांनी संध्याकाळी भरभर चालायला जावं. ज्यांच्या रेघा मावत नाहीत, त्यांना मी आणखी व्यायाम सांगणार नाही. त्यांना विसावा हवा, आणि हंडा उचलायला घरातला दुसरा हात.

नाडीही मोजता येते. थांबल्या थांबल्या अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारनं गुणा. २२० मधून वय वजा केलं की जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज येतो. चाळिशीच्या बाईचे ते १८०. मध्यम श्रमात तिचे साधारण ११५ ते १३७ पडतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, त्या घेणाऱ्यांनी हा आकडा धरू नये, बोलूनच बघावं.

हे सगळं सांगायचं खरं कारण आता सांगते. वाट तीच, हंडा तोच, चढ तोच. गेल्या दिवाळीत तुम्ही बोलत चढत होतात आणि आता अर्ध्यात थांबावं लागतं. आपण म्हणतो, "वय झालं," आणि सोडून देतो. पण श्रम वाढलेले नाहीत, अंगातलं काहीतरी कमी झालंय. बऱ्याचदा ते रक्त असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय होता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. तेव्हा आशाताईला नुसतं "थकवा येतो" म्हणू नका. "पूर्वी वडापर्यंत बोलत जायचे, आता बांधाशीच दम लागतो," असं सांगा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. छातीत दुखत असेल, किंवा बसल्याजागीही धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना कॅलेंडर घेऊन या. आणि वाटेत कोण कुठं थांबलं, तेही एकमेकींना विचारा.